तीन रकाने

फॉर्मवर तीन रकाने होते
आणि माझ्याकडं पेन्सिल.
पेन लागतंय, हत्तुरे बाई जाळीतून म्हणाल्या
आणि स्वतःचंच दिलं.
टोपण मात्र ठेवून घेतलं.

मुख्य विषय: मराठी साहित्य.
लिहिताना हात जरा अडला.
घरात आम्ही तेलुगूत भांडतो,
शेजारी कन्नडमध्ये समेट करतात.
मराठी माझ्याकडं आली ती शाळेच्या फळ्यावरून,
खडूच्या भुकटीसकट.
ती चादर, तो माग, ते सूत:
तिन्ही लिंगं मी कारखान्याच्या दारात उभी राहून पाठ केली.
अजून एखादं टेबल समोर आलं
की मी गुपचूप सूत आठवते.

दुय्यम विषय: संगणकशास्त्र.
इथं कुणीतरी भाषण करणार हे ठाऊकच होतं.
स्वागत समारंभात पाहुणे म्हणाले,
जकार्डची भोकं पाडलेली कार्डं
म्हणजे संगणकाची आजी,
तुम्ही सोलापूरकर तर जन्मजात प्रोग्रॅमर!
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
रात्री नान्नांना सांगितलं.
नान्नांनी एकवीस वर्षं ती कार्डं पंच केली,
एका मोरासाठी बाराशे चौऱ्याहत्तर.
ते म्हणाले, "आजी असेल बिड्डा,
पण नातू कधी विचारपूस करायला आला नाही."
आणि कडक भाकरी मोडली.
ती मोडताना जेवढा आवाज होतो
तेवढाच राग त्यांनी काढला.

तिसरा रकाना: मुक्त निवड.
मुक्त या शब्दाखाली
बारीक अक्षरात पाच अटी.
मी लिहिलं, छापचित्रकला.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"विज्ञानवाल्यांचं चित्र दुपारी,
कलावाल्यांचं सकाळी.
तू नेमकी कुणाची?"
मागं रांग होती.
मी म्हटलं, अशोक चौकातली.
"बघू की," म्हणाल्या, आणि शिक्का शोधू लागल्या.

अम्मानं विचारलं, तिन्हींत नोकरी कशात?
सूप मांडीवर, पान कातरत, वर न बघता.
ती रोज हजार विड्या वळते,
तिला आकड्यात बोललेलं चालतं.
मी म्हटलं, माहीत नाही.
"मग माहीत नसलेलं
तीनदा शिकून ये."

मंगळवारी अकरा वीसला
दोन तास एकमेकांच्या मांडीवर बसलेत.
वर प्रयोगशाळा, खाली ओव्या.
जिन्याच्या वळणावर थांबलं की दोन्ही ऐकू येतात.
लूपही फिरून तिथंच येतं, ओवीही,
असं मी वहीत लिहिलं
आणि खोडलं.
पाहुण्यांचं भाषण वाटत होतं.

माळ्यावरून कार्डांचा एक गठ्ठा काढला.
सुतळी कुजलेली, मध्ये झुरळांची अंडी.
एकावर शाईचा रूळ फिरवला,
कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासला.
उचलला तर
काळ्यावर पांढरे ठिपके, ओळीनं.
मोराचं यात काय आहे? पाय? डोळा?
मला काही दिसेना.
मराठीतही नाही, पायथनमध्येही नाही.

नान्ना कामावरून आले.
हल्ली रात्रपाळीला एटीएमच्या दाराशी बसतात.
कागद बल्बखाली धरला,
बोटानं ठिपके मोजत गेले,
सातव्या ओळीत थांबले.
"हे भोक चुकलंय."
थोड्या वेळानं म्हणाले, "माझंच आहे."
मी विचारलं, मग त्या चादरी?
"गेल्या की विकून.
कुणाला कळलं नाही."
कागद परत दिला नाही,
घडी न घालता खिशात कसा मावेल
ते बघत राहिले.

आज मोबाईलवर निरोप आला:
निवड अवैध. तिसरा रकाना लाल.
उद्या पुन्हा खिडकीवर जायचंय.
तसंही जायचंच होतं.
पेन माझ्याकडं राहिलंय,
टोपण बाईंकडं.