ड्राफ्ट

अण्णांचा अंगठा फोनला कधी पटला नाही,
रेशन दुकानातल्या यंत्रालाही नाही.
चाळीस वर्षं सागवान तासून, पॉलिशपेपर घासून
रेघाच गेल्या होत्या.
म्हणून चार आकडे. उद्यमनगरातल्या शेडच्या
वीजमीटरचे शेवटचे चार.
हे मला दहाव्याच्या रात्री सुचलं,
आई भाड्याची भांडी मोजत होती तेव्हा.

फोन उघडला. त्यांच्या नावाशेजारी हिरवा ठिपका लागला.
म्हणजे मी लावला.

अर्जात विचारलं होतं, मृत व्यक्तीशी आपलं नातं काय,
खातं आठवण म्हणून ठेवायचं की कायमचं काढायचं.
महापालिकेचा दाखला जोडला.
आठवड्यानं उत्तर आलं, नाव जुळत नाही.
दाखल्यावर केरबा यशवंत सुतार,
खात्यावर 'पॅटर्नवाले अण्णा कोल्हापूर'.
महापालिकेनं ज्यांना मेले म्हटलं ते निराळे.
पॅटर्नवाल्या अण्णांना तर परवाच
चौसष्ट जणांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यात.
'शंभरी गाठा अण्णा.' 'नाद खुळा!'
जयसिंगपूरचा एकजण विचारतोय,
पंपाच्या बॉडीचा पॅटर्न कधी, ॲडव्हान्स दिलाय.
त्याला मी कळवलं. तो लिहितो, राहू द्या ताई पैसे.
तासाभरानं लिहितो, निम्मे पाठवा.

ड्राफ्टमध्ये तीन मजकूर होते.
एकात नुसतं 'शुभ'. सकाळ राहिली होती.
एकात घाटाचा फोटो, अर्ध्यात त्यांचंच बोट.
तिसरा माझ्या नावानं,
'वैजू तू त्या दिवशी रागानं गेलीस'
आणि पुढं काही नाही.
तारीख श्रावणातली. मला आठवतो तो दिवस.
शेड विका म्हटलं होतं मी.

अण्णांच्या धंद्यात ड्राफ्ट म्हणजे उतार.
लाकडी साच्याची उभी बाजू किंचित तिरकी ठेवायची,
डोळ्याला कळू नये इतकी.
'वाळूतनं वर निघताना कड मोडाय नको गं,
आत लोखंड वतायचं असतंय.'
मी विचारलेलं, मग साचा कुठं जातो?
'फळीवर. त्याचं काम झालं की.'

रात्री दीड वाजता, वर-वर सारताना,
माझ्या अंगठ्याकडून दस्तगीरचाचांच्या फोटोला लाईक गेलं.
गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरचा पेला, वर फेस.
खाली अण्णांचं नाव.
पुसायच्या आत फोन वाजला.

'केरबा?'

मी गप्प. पलीकडे एक कुत्रं भुंकत होतं,
थांबलं, पुन्हा भुंकलं.

'वैजू हाईस व्हय,' चाचा म्हणाले.
'जेवलीस का?'
दीड वाजता. जेवले म्हटलं.
'हिरवं दिसलं म्हणून केला. ठेवतो.'
ठेवला नाही. मीही नाही.
तीस वर्षं अण्णांनी साचे केले आणि यांनी ते वाळूत दाबले,
दोघंही कामाच्या वेळी फारसं बोलत नसत.

राजारामपुरीतला मोबाईलवाला पोरगा म्हणतो, सोपं आहे ताई,
आधी खात्याचं नाव दाखल्यासारखं करा,
मग अर्ज मंजूर होतोय.
म्हणजे आधी त्यांना केरबा यशवंत सुतार करायचं
आणि मग मारायचं.
बिल घेतलं नाही त्यानं. स्क्रीनगार्ड मात्र खपवला.

चाचा पूर्वी दहाला झोपायचे.
आता रोज रात्री दीडला पेल्याचा फोटो टाकतात.
काल पेला नव्हता. नुसता कट्टा,
धुतलेला, ओला,
एका बाजूला म्हशीचं दावं.

मी बराच वेळ बघितलं.
अंगठा जपून.