सी फॉर्म

स्टेशनसमोरच्या लॉजच्या काउंटरवर
एकोणीस वर्षं मी एकच कागद भरतोय.
नाव, देश, पासपोर्ट नंबर, कुठून आले, कुठे जाणार.
चोवीस तासांत पोलिसांकडे.
आमच्या एरंडोलकडे हे दोन शब्दांत होतं :
कथाइन उनात?

नोव्हेंबर लागला की जपानी यायचे,
पहाटेच्या गाडीनं, बूट दाराबाहेर काढून.
जानेवारीत फ्रेंच, पाण्याची बाटली उजेडात धरून बघणारे.
जळगाव म्हणजे त्यांना एक उशी आणि सहाची टॅक्सी.
संध्याकाळी लेण्यांतून परत येत
डोळ्यांत अंधार घेऊन, आणि चहा मागत, बिनसाखरेचा.

मोरिताबाई सहा हिवाळे आल्या.
एकच भिंत बघायला. मी विचारलं, खुणांनीच, दरवर्षी तेच कशाला?
म्हणाल्या, रंग फिका होतोय.
भिंतीचा की माझ्या डोळ्यांचा,
ते नक्की करायचंय.
मी हेतूच्या रकान्यात 'पर्यटन' लिहिलं.
सातव्या हिवाळ्यात कुणीच आलं नाही, कुठूनच.
दोन वर्षं कोऱ्या फॉर्मांना कसर लागली.

मग भंगाळेशेठनी त्याच टेबलावर
'टूर्स' अशी पाटी ठेवली.
पेन तेच. खुर्चीत आता आपली माणसं,
फोटोत कान दिसले पाहिजेत म्हणून पदर मागे घेणारी.
रावेर, यावल, चोपड्याचे खतवाले :
ठिबकच्या नळ्या इतक्या खपवल्या
की कंपनी त्यांना बँकॉकला पाठवते.
चार रात्री, पाच दिवस, नाश्ता धरून.
'तिकडे शेवभाजी मिळते का?'
मिळत नाही. मग पिशवीत कळण्याच्या पुऱ्या, बिबडे,
आणि ठेचा, तीनदा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.

विमलबाई नारखेडे जर्मनीला निघाल्या, लेकीच्या बाळंतपणाला.
फॉर्म विचारतो : परत येणार याचा पुरावा?
सातबारा जोडला, पासबुक जोडलं,
बँकेत तीन लाख दिसायला हवेत म्हणून भाच्याकडून पंधरा दिवसांसाठी आणले.
'अजून काय पायजे?' त्या म्हणाल्या,
'लिहा ना, म्हैस गाभण आहे.'
रकाना नव्हता.
मोरिताबाईंना असं कधी कुणी विचारल्याचं
मला तरी आठवत नाही.

परवा पहाटे दोन पोरं आली, ओसाकाहून,
पाठीवर घरभर सामान.
लॉबीत अठ्ठावीस खतवाले, पिवळ्या टोप्यांत,
मुंबईच्या बसची वाट बघत.
एकानं पुरी पुढे केली. एकानं सेल्फी मागितला.
'हे सगळे कुठे जातायत?' पोरगी म्हणाली,
आणि मी 'बँकॉक' म्हणालो तर म्हणे,
'आम्ही कालच तिथून आलो.'

बस आली. टोप्या गेल्या.
पोरं दाराबाहेर वाकून
किती वेळ आपले बूट शोधत होती,
आणि तिथे उरला होता
एकच जोड, दहा नंबरचा,
आपल्याकडच्या चिखलाचा.