पोटखराबा

सुतळीचा एक चौकोन, मीटरभर लांब, मीटरभर रुंद.
कातळात खिळा कुठं जाणार,
म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर एकेक पोर बसवलेलं.
मी ईशान्य.
नैर्ऋत्येला समद मुजावर, पायाला मुंग्या आलेल्या,
तरी हलायचं नाही.
समद हलला तर चौकोन हलतो,
चौकोन हलला तर सड्याचा हिशेब.

बोरजाईचा सडा, गगनबावड्याच्या अलीकडं,
एसटीतून उतरल्यावर तासभर चढ.
नववी 'ब'ची अकरा पोरं
आणि सडा राखण गटाची तीन म्हातारी माणसं.
त्यांतले खाडेतात्या तलाठी होते.
म्हणाले, ह्या अख्ख्या डोंगराला
मी एका शब्दात काढलं, पोटखराबा.
शाई सरकारी, अक्षर माझं.
आणि गुडघे धरून वाकले चौकोनावर,
चष्मा सुतळीला टेकेपर्यंत.

चैत्र होता. कातळ तापायच्या आत मोजायचं.
शेवाळ काळं पडलेलं, बोटानं चोळलं की राख.
आम्ही सांगत होतो, शिवलीला लिहीत होती.
दगड, अठरा.
समद म्हणाला, ह्यातला एक दगड उबदार लागतोय.
आम्ही हसलो.
त्यानं हात मागं घेतला
आणि डोक्यावरून टिटवी अशी किंचाळत गेली
की तात्यांची टोपी पडली.
चार अंडी. ठिपक्याठिपक्यांची, टोकं आत वळवलेली,
दगडाहून दगड.
शिवलीलानं अठरा खोडलं, चौदा केलं,
आणि पेन्सिल दातात धरून बसली.
अंड्यांना तक्त्यात रकानाच नव्हता.

माझे पप्पा पोकलेन चालवतात.
हे मी गटात सांगितलं नव्हतं.
सड्याच्या पलीकडच्या अंगाला कुणीतरी खाण मागितलीय,
खाणीला रस्ता लागतो,
रस्त्याला पोकलेन, पोकलेनला पप्पा.
सुनावणी मागाहून.
माझे बूट त्याच पगारातले,
ज्यांच्यावर उकिडवी बसून मी ईशान्य झाले होते.

रात्री त्यांनी विचारलं,
काय मोजताय गं तिथं उन्हात?
दगड, म्हटलं मी.
आणि?
आमटीत भाकरी कुस्करत राहिले मी.
आई उठून पाणी आणायला गेली, तिला कळलं असावं.
टिटवीची अंडी.
वड्याकडच्या अंगाला व्हय?
त्यांचा घास हातातच राहिला.
तिथं मी चार धोंडं ठेवल्यात की.
चारी बाजूंनी. बकेट चुकून फिरू नये म्हणून.
मुकादम बोंबलला, डिझेल जळतंय म्हणून.
जळू दे म्हटलं.

मी झोपले नाही.
चौदातले चार पप्पांचे.
म्हणजे सड्याचे दहाच.
आणि ते चार काढावेत तर अंडी उघडी पडतात,
कागदावरसुद्धा.

भाद्रपदात दहावीचा क्लास बुडवून परत गेलो.
चौकोन तोच, कोपरे तेच, समदला मिसरूड फुटलेलं.
दवबिंदू एकवीस. गेंद मोजता मोजता विसरलो,
पुन्हा मोजले, पुन्हा वेगळे आले.
सीतेची आसवं सांगताना तात्यांचा आवाज
बारीक झाला, हाताची घडी घालून उभे राहिले,
वर्गातल्यासारखे.
एक निळं काहीतरी होतं, नखाएवढं,
गटातल्या तिघांनाही नाव येईना.
पिल्लं कधीच उडाली होती. धोंडे होते.
रस्ता अर्ध्यावर येऊन थांबलेला,
त्याच्या तांबड्या तोंडात पाणी साठलेलं,
त्यातही गवत.

गुरुवारी तहसीलात सुनावणी.
पंखा गरगरतोय, कागद धरून ठेवायला
साहेबांनी त्यावर मोबाईल ठेवलाय.
मला उभं केलं, अक्षर शिवलीलाचं असलं तरी
आवाज माझा मोठा.
साहेबांनी चैत्राचा तक्ता उलटसुलट केला.
इथं खाडाखोड आहे, म्हणाले. अठराचे चौदा कसे?
मी सांगितलं.
बरं, मग हे चौदा तरी पक्के?

मी मागं बघितलं.
दाराशी पप्पा, आत यावं की नको अशा बेतानं,
चपला हातात, पायांना सड्याची माती.
खाडेतात्या त्यांना सरकून जागा देत होते.

साहेब, म्हटलं मी,
त्यातले चार