डावीकडची, शेवटून दुसरी

चाळीस वर्षं तंगूस मी दातांनीच तोडला.
कातर असते खिशात, पण तिला एक हात लागतो
आणि माझे दोन्ही जाळ्यात.
म्हणून दाढ ठणकायला लागली तेव्हा
आधी रागच आला तिचा,
घरातल्या माणसाचा यावा तसा.

लवंग झाली. मीठपाणी झालं.
बायकोच्या नकळत काजूच्या दारूची गुळणी झाली;
थुंकायची होती, गिळली.
पंधरा दिवस पेज उजवीकडून.

मालवणात काचेचं दार, आत गारवा,
भिंतीवर हसणारी पोरगी, तिचे दात सगळे एका मापाचे,
यंत्रावर विणलेल्या जाळ्यासारखे.
‘रूट कॅनाल साडेचार हजार. टोपी वेगळी.’
टोप्या तीन जातींच्या: धातूची, चिनी मातीची,
आणि एक नऊ हजारांची, पंधरा वर्षांच्या गॅरंटीची.
मी म्हटलं, डॉक्टरानू, टोपयेक पंधरा वर्षां, आणि माका?
भला माणूस. हसला.
आकडा काही हसला नाही.

कुडाळात तीन हजार आठशे.
सातशे वाचले म्हणून हुरळलो,
तर बाई म्हणाली, चार वेळा यावं लागेल.
चार वेळा एसटी, चार दिवस जाळं तसंच पडून.
बंदरावर बसून डिझेलच्या पावतीमागे मांडलं:
कुडाळ मालवणापेक्षा महाग.

खवणेकरांच्या भिकूने पावती उलटसुलट पाहिली.
‘उपटून टाक मरे. तीनशात सुटशीत.’
त्याच्या तोंडात खालचे पाच उरलेत.
बांगडा तो खात नाही आता,
चोखतो, आणि काटे बोटांनी शोधतो.

मेतरांची प्रणोती मासळीची पाटी उतरवताना म्हणाली,
‘बांबोळीक जा. थंय शिकणारी पोरां करतत.
पैशे थोडे. वेळ मात्र खूप.’

पत्रादेवीच्या नाक्यावर
गोव्यातून येणाऱ्यांच्या पिशव्या हुंगत होते, बाटल्यांसाठी.
जाणाऱ्याच्या गालात काय आहे
ते कोणी विचारलं नाही.

नंबर एकशे बारा.
शेजारी दोडामार्गची म्हातारी, कवळीसाठी तिसरी खेप,
पलीकडे एक कोवळा मास्तर, गालाला रुमाल.
सगळ्यांच्या मांडीवर डबे,
चावता न येणाऱ्यांचे.

मग ॲशली. बावीस वर्षांची असेल.
‘दुखता जाल्यार हात वयर कर, मामा.’
हातमोज्यातली तिची बोटं थरथरत होती.
ती थरथर मला ओळखीची:
नवा पोरगा सुई धरतो, पहिली गाठ सैल पडते,
उसव म्हटलं की त्याचे कान लाल होतात.
तिचे सर दोनदा आले, वाकून पाहिलं, मान हलवली.
तिने दोनदा उसवलं.
अडीच तास मी आ करून छतावरचा पंखा मोजला.
हात वर केला नाही.
एकदा करायला हवा होता.

मग तीच थबकली. आरसा पुढच्या दातांवर.
‘मामा, ही खाच कशाची?’
तंगुसाची, म्हटलं.
तिने सरांना हाक मारली, सरांनी वर्गाला.
अकरा पोरं माझ्या तोंडात वाकून पाहत होती,
कोणी फोटो काढला, कोणी वहीत लिहिलं.
आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाची कोणी नोंद घेतली,
तीही तोंडाच्या आत.

कागदाचे आणि औषधाचे मिळून कमीच झाले.
पण अजून दोन खेपा सांगितल्यात, टोपी त्यानंतर,
म्हणजे इथेही एसटी, इथेही खाडे.
पावतीमागे आता जागा नाही.
ती धरून उजेडाकडे पाहिलं तर
डिझेलचा आकडा आणि दाढेचा आकडा
एकमेकांवर बसलेले, वाचता येईना.

आज जाळ्याला बसलो. कातर मांडीवर ठेवली,
पोरीला शब्द दिलाय.
गाठ मारली, ओढली,
आणि दोरा तोंडाशी येऊन थांबला.