माया

डॉक्टर गानू म्हणाल्या, एकदाच काय ते सांगा,
पाच वर्षांनी किती लागेल?
चहावर साय धरली होती
आणि खिंवसरांचा कॅल्क्युलेटर
माझ्या आधीच टेबलावर येऊन बसला होता.

मी म्हटलं, आज अकरा सेंटर आहेत.
सकाळी सात ते दहा
निम्मं पुणं उपाशीपोटी येतं,
वारज्याहून, धायरीहून, बिबवेवाडीहून,
बाही वर सारून.
त्या तीन तासांत सर्व्हरला धाप लागते.
दुपारी दोनला तोच
जेवून आडवा झालेल्या दुकानदारासारखा.
तुम्ही सरासरी काढता, खिंवसरा,
पण रांगेत सरासरी उभी राहत नाही,
शुगरवाले आजोबा उभे राहतात.

जुना टॉवर कर्वेनगरात, जिन्याखाली.
सोबत झाडू, सिरिंजचे रिकामे खोके,
आणि लाल पेनानं लिहिलेलं
‘हात लावू नये’.
मी लावला. उघडून पाहिला.
मेमरीची घरं चार, चारही भरलेली.
डिस्कची दोन, दोन्ही तुडुंब.
ज्यानं घेतला त्यानं
त्या दिवसाच्या मापाचा घेतला होता.

अण्णा नाना पेठेत गणवेश शिवायचे.
जूनमध्ये आया पोरं पुढे ढकलायच्या:
मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा.
अण्णा टेप गळ्यात टाकून
पोराकडे नाही, बापाच्या खांद्यांकडे बघायचे.
मग शिवणीच्या आत दोन बोटं कापड
मुडपून ठेवायचे. त्याला माया म्हणतात.
बाहेरून दिसत नाही.
फार सोडली तर काखेत टोचते,
कमी सोडली तर उसवून हाती काही लागत नाही.
आणि पोरगं उंचीनं वाढणार की अंगानं
हे कुणालाच ठाऊक नसतं.
म्हणून खाली वेगळी, बाजूला वेगळी.

पुढच्या जूनला पँट परत यायची.
दुमड सोडली की तळाशी
गर्द निळा पट्टा,
वर वर्षभर उन्हात विटलेला निळा.
मला तो पट्टा फार आवडायचा.

हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.
हेही नाही, की एका वर्षी अण्णांनी
पतपेढीचं कर्ज काढून
दोन मशीनं जास्तीची घेतली
आणि त्याच वर्षी शाळेनं
रेडीमेडला कंत्राट दिलं.
दोन्ही मशीनं कापडी खोळीत
कितीतरी वर्षं उभी होती.
आई रोज त्यांच्यावरची धूळ झटकायची.
आकडा लिहिताना
माझा हात त्या खोळींपाशी थांबतो.

तरी लिहिलं:
सर्व्हर आज दोन, तिसरा लागेल तेव्हा.
डिस्कसाठी सोळा खाचा, भरायच्या सहा.
एक्स-रे साठवायला वेगळं कपाट,
कारण रक्ताचा रिपोर्ट चिठ्ठीएवढा
आणि छातीची फिल्म चादरीएवढी.
वीजपुरवठे दोन, एक नुसता जागा राहील.
रॅक बेचाळीस घरांची, आज चौदा भरलेली.

खिंवसरांनी बोट ठेवलं:
रिकाम्याचे पैसे का द्यायचे?
माया, मी म्हणाले. तोंडातून गेलं.
त्यांच्या घरी पूर्वी कापडाचं दुकान असावं,
कारण ते हसले नाहीत.
म्हणाले, सोळा जास्त होतात, बारा करा.
मी बारा केल्या.
गानूबाईंनी गार चहा एका घोटात संपवून
सही केली.

रॅक आली शनिवारी, टेम्पोतून.
चार जणांनी पहिल्या मजल्यावर चढवली.
इलाही वायरमन दारात उभा राहून म्हणाला,
मॅडम, जाईना.
बोळ अरुंद, तिरकी करायला जागा नाही.
मी पर्समधून अण्णांचा टेप काढला,
पिवळा, इंचांचे आकडे पुसत आलेला.
दोन इंच कमी.

पाच वर्षांचा हिशेब माझ्या फाइलमध्ये होता.
चौकटीला मात्र कुणी माया सोडली नव्हती.

इलाही म्हणाला, करवत आणतो.
मी पायरीवर बसले,
टेप बोटाभोवती गुंडाळत.