खळ

पावणेसातचा भोंगा कानात अजून वाजतो,
आणि माझे पाय अंथरुणातच चपला शोधतात.
मग आठवतं, प्रेस सुटून चौदा महिने झाले.
मग आठवतं, निघायचं तर आजही आहेच,
पण नऊ वाजता, शालिमारला उतरून
भद्रकालीच्या त्या बोळात, जिथे रिक्षासुद्धा अंग चोरून जाते.

चौतीस वर्षं नोटा तपासल्या मी नाशिकरोडला.
शीटमागून शीट. शाई सरकली, आकडा घसरला,
कडेला केसाएवढी रेघ आली,
की लाल खूण. शीट बाद.
किती कोटी नापास केले, हिशेब नाही.
सुटताना गेटवर झडती: डबा उघडा, पदर झटका.
इमानदारीचीसुद्धा सवय लागते, हाडांना.

मुलगा म्हणाला, आई, आता बस निवांत.
बसले. अकरा दिवस.
बाराव्या दिवशी दुधाच्या पिशवीवरची छपाई तिरकी आहे
म्हणून दूधवाल्याशी भांडले,
आणि माझी मलाच भीती वाटली.

ह्यांचा जुना शब्दकोश शिवायला टाकला होता.
न्यायला गेले, आणि स्टुलावर बसूनच राहिले तीन तास.
तौसीफ बाइंडर, माझ्या धाकट्याहून चार वर्षांनी लहान,
आता माझा वस्ताद.
"मावशी, खळ मंद आचेवर. चिमूटभर मोरचूद,
नाहीतर कसरीला जेवणाचं आमंत्रण.
दाट झाली तर पान आखडतं, पातळ झाली तर रडतं."
पहिले दोन महिने माझी सगळी पानं रडली.

पहिली मजुरी तीनशे चाळीस.
हात आपोआप वर गेला, नोट उजेडात धरली.
तौसीफचं तोंड पडलं. "खोटी नाही हो, मावशी."
खोटी कशाला असेल, म्हटलं.
ओळखीची वाटली. बघत होते, कशी निघाली जगात.

सध्या पंचवटीतल्या एका गुरुजींची वही आहे समोर.
कुठल्या कुठल्या गावांचे वंश, मोडीतले,
कसरीने चाळण केलेले. मोडी मला येत नाही.
कुणाचा तरी पणजोबा अर्धा उरलाय;
त्याच्या पाठीला पातळ कागद लावते,
हाडाच्या पट्टीने हलके दाबते, श्वास रोखून.
आमच्या पगाऱ्यांचं नाव कुठल्याच वहीत नाही.
सासऱ्यांचे वडील देवळाच्या दाराशी बसले होते एकदा,
आत घ्या म्हणून, इतर शेकडोंबरोबर, उन्हात.
ते कुणी लिहून ठेवलं असेल तर ठाऊक नाही.
गुरुजी वही द्यायला आले तेव्हा आडनाव विचारलं त्यांनी.
सांगितलं. क्षणभर थांबले.
मग म्हणाले, जपून हं, दोनशे वर्षांची आहे.
जपतेच आहे.
सून विचारते, मग राग नाही येत?
येतो. पण खळ वाळत असते,
आणि पान कुणाचंही असलं तरी भोक भोकच.

संध्याकाळी दुकानातून निघताना
उंबऱ्यावर अजून थबकते,
हात थोडे बाजूला, झडतीसाठी.
तौसीफ दिवा बंद करत असतो, त्याला कळतही नाही.
बसमध्ये खिडकीशी बसून
बोटांवरची वाळलेली खळ सोलते, पापुद्रा पापुद्रा.
एवढाच ऐवज बाहेर काढला आज.