कार्याचा तपशील

फॉर्मवर जागा तीन ओळींचीच.
मीच छापून घेतला होता तो रास्ता पेठेत,
कागद वाचवायला.
नाव: सेगुलाबाई चेऊलकर.
वय: विचारलं तर म्हणाल्या, घाल काहीतरी.
कार्याचा तपशील:

इथे पेन अडलं.

चाळीस वर्षं डिफेन्स अकाउंट्समध्ये काढली मी.
मोजता येत नाही ते नामंजूर,
हा माझा धर्म नंबर दोन.
तेव्हा मोजू या म्हटलं.
डबे किती पोचवलेत? – कोण मोजतंय.
केईएमच्या पायऱ्या? – आता लिफ्ट आहे की.
आणि कफनं? किती शिवलीत?
यावर त्यांनी नुसता सुईत दोरा ओवला,
पहिल्याच फटक्यात, मला चिडवल्यासारखा.
त्या शिवणीत गाठ मारायची नसते,
एवढं मात्र सांगितलं.

शेवटी म्हणाल्या, वही घेऊन जा.
सोमवारी परत हवी.

शंभर पानी वही. मागे पाढे, आत माणसं.

झिराडकर शालोम, नाना पेठ.
शुक्रवारी चारला, शब्बाथचे दिवे लागायच्या आत,
दोन रिंग देऊन कट करतो. म्हणजे आहे.
तीन रिंग म्हणजे गोळ्या संपल्या.
रिंगच नाही म्हणजे रिक्षा.

पेणकर बहिणी. एकमेकींशी बोलत नाहीत.
चहा दोन्ही खोल्यांत घ्यायचा, साखरेसकट.

डायना नवगावकर. मुलगा बेरशेबाहून रविवारी फोन करतो.
नाही आला तर सोमवारी आपण जायचं,
मलिद्याचे पोहे असतील तर बांधून न्यायचे,
मुलाचा विषय काढायचा नाही.

गेलेल्यांची नावं कुठेच खोडलेली नव्हती.
पुढे फक्त कबरस्तानातली रांग आणि नंबर,
बदललेला पत्ता लिहून ठेवावा तसा.

एकतिसाव्या पानावर मी होतो.

एझ्रा. मिल्का गेल्यापासून.
गुरुवारी सातला फोन.
सांगायचं, हिशेब जुळत नाही.
चूक आपणच करून ठेवायची.
मोठी नको, बीपी आहे. बारा-पंधरा रुपयांची.

सहा वर्षं.
दर गुरुवारी मी ओरडत होतो,
सेगुलाबाई, साधी बेरीज आहे हो ही!
आणि त्या, मला कुठे येतं रे गणित.
महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई.
मला माहीत होतं हे.
माहीत असून एकदाही डोक्यात आलं नाही.
फोन ठेवला की घसा कोरडा पडायचा,
मग भूक लागायची,
मग मी भात टाकायचो.
आठवड्यातून एकदा तरी ताजा.

वही मिटली. मग पुन्हा उघडली,
पानाच्या कोपऱ्यावर आमटीचा डाग होता, त्याच्यावर बोट ठेवून बसलो.
सोमवारी परत दिली. काही बोललो नाही.
त्यांनीही वही घेऊन सरळ कपाटात टाकली.

रविवारी कार्यक्रम झाला.
शाल, नारळ, पंख्याचा आवाज,
अध्यक्षांनी चेऊलकरचं चौलकर केलं.
मानपत्र वाचताना ते मध्येच थांबले,
माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले,
एझ्राभाऊ, हे छापताना चुकलंय का?
कार्याचा तपशील: हिशेबात अत्यंत कच्च्या.
म्हटलं, नाही. असंच आहे. वाचा.

सभागृहात थोडं हसू पसरलं.
झिराडकर हसले नाहीत.
पेणकर बहिणींनी, दोन टोकांना बसून,
एकाच वेळी नाक पुसलं.
त्यांचंही काही चुकत असणार दर आठवड्याला.

गुरुवार. सात वाजून दोन मिनिटं.
अरे एझ्रा, चौदा रुपये कुठे गेले कळत नाही बघ.

चौदा रुपये मला समोर दिसत होते,
रिक्षाच्या खर्चात, दोनदा धरलेले.

थांबा, म्हटलं,
चष्मा आणतो. वेळ लागेल.